डांबर संपले की पट्टाही सुटतो!

वाचकहो, एक साधी गोष्ट पाहा. बोईसरहून चिल्हार फाट्याकडे निघालेल्या एखाद्या मोटारीत ड्रायव्हरशेजारी बसा. बेटेगाव गेले, नागझरी गेली, तरी सीट बेल्ट जागच्या जागी लोंबत असतो. फाटा जवळ येऊन मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे ट्रक दिसू लागले, की ड्रायव्हरचा हात आपोआप खांद्याकडे जातो आणि पट्टा कडीत अडकतो. परतीच्या वाटेवर नेमके उलटे होते. महामार्ग सुटला की पट्टाही सुटला! जणू अपघात फक्त महामार्गावरच होतात आणि गावाकडच्या रस्त्यावर, बांधावर, पुळणीवर गाडी आपली मैत्रीण असते.

पट्टा पोलिसासाठी लावायचा, स्वतःच्या छातीसाठी नाही, ही समजूत आपल्या जिल्ह्यात फार खोलवर रुजली आहे. पोलीस आणि कॅमेरा महामार्गावर असतात, म्हणून पट्टाही तिथेच. आत वळलो की कायदा संपला! हा समज किती खरा, किती खोटा आणि तो कोणाच्या जिवावर बेततो, याचा हिशेब एकदा मांडायला हवा.

चारोटीचा धडा

४ सप्टेंबर २०२२ चा रविवार आठवा. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर भर दुपारी एक महागडी मोटार कठड्याला धडकली. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबरचे एक गृहस्थ गेले. दोघेही मागच्या आसनावर होते आणि दोघांनीही पट्टे लावले नव्हते, असे पोलीस तपासात पुढे आले. पुढच्या आसनांवरचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. त्यांना उपचारांसाठी आधी गुजरातेत वापीला हलवावे लागले.

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. इथे ठेच मागच्यालाच लागली. तरी मागे बसणारे आपण शहाणे झालो का? अपघातानंतर देशभर गाजावाजा झाला. मागच्या पट्ट्यांबाबत कडक कारवाई होईल, असे केंद्रीय मंत्र्यांनी सांगितले. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या प्रत्येकाला पट्टा सक्तीचा असल्याचे जाहीर केले. पण मागच्यांनी पट्टा लावावा, हा नियम काही तेव्हा जन्मला नव्हता. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १३८ व्या नियमात पुढे तोंड करून बसणाऱ्या मागच्या प्रवाशांवरही ही सक्ती आहेच. पुढच्या आसनांना पट्टे बसवून देणे कारखानदारांना १९९४ पासून बंधनकारक झाले. म्हणजे एक पिढी उलटली. पट्टा आला, सवय आली नाही.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतल्या १६ हजार ७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता. यात ८ हजार ३८४ चालक आणि ८ हजार ३३१ प्रवासी. म्हणजे जवळजवळ निम्मे लोक गाडी चालवत नव्हते, नुसते बसले होते. 'मी कुठे चालवतोय, मला कशाला पट्टा?' असे म्हणणाऱ्याने हा आकडा घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

ताडावरून पडणे

'आतल्या रस्त्याला वेग कुठे असतो?' हा आपला नेहमीचा युक्तिवाद. त्याचे उत्तर ताडाच्या झाडापाशी मिळते. आपल्या भागात ताडावरून, माडावरून माणूस पडला म्हणजे काय होते, हे कोणाला वेगळे सांगायला नको. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी झाडाला किंवा मोरीच्या कठड्याला धडकून थांबली, तर आतल्या माणसाला बसणारा मार सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. म्हणजे कौलारू घराच्या आढ्यावरून पडावे तसा. वेग ५० असेल तर ती उंची दहा मीटरच्या आसपास जाते आणि ६० ला चौदा मीटर होते. हा झाला चांगला वाढलेला ताड! आता ताशी ५० हा वेग पालघर-बोईसर रस्त्यावर काय, उमरोळीच्या आसपासच्या कुठल्याही गावरस्त्यावर रोज दिसतो.

पोर मांडीवर घेऊन पुढे बसणाऱ्या आयाबहिणींनी आणि त्यांना तसे बसवणाऱ्या घरधन्यांनी आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. ताशी ३० ने जाणारी गाडी अर्ध्या मीटरात थांबली, तर दहा किलोचे मूल त्या क्षणी सत्तर किलोच्या ओझ्यासारखे हातातून सुटू पाहते. कोणत्या आईच्या हातात एवढे बळ असते? कायदाही चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीचे खास आसन हवे, असे म्हणतो.

रस्ता सोडून गाडी चालवताना वेग कमी असतो, हे खरे. पण तिथे गाडी धडकण्यापेक्षा कलंडते. नदीचा काठ, खाणीचा उतार, शेताचा उंच बांध, वाळूचा ढिगारा अशा ठिकाणी एका बाजूची दोन चाके उचलली गेली की गाडी कूस बदलते. अशा वेळी पट्टा नसलेला माणूस दारातून किंवा काचेतून अर्धा बाहेर फेकला जातो आणि गाडी त्याच्याच अंगावर येते. उघड्या जीपला तर दारेही नसतात. म्हणून रस्ता सोडून गाडी हाकणारे जाणकार आधी पट्टा आवळतात, मग गिअर टाकतात. आपले हौशी वीर नेमका तिथेच पट्टा काढतात. का, तर 'मान वळवून मागे बघता येत नाही!'

दुसरी एक भीती खेडोपाडी हमखास ऐकू येते: 'गाडी पाण्यात गेली तर पट्ट्यात अडकून मरू.' शुद्धीवर असलेला माणूस पट्ट्याची कडी एका बोटाने सोडवतो. डोके आपटून बेशुद्ध झालेल्याला उघडे दारही सापडत नाही. पट्टा असला तर शुद्धीवर राहण्याची शक्यता जास्त. आणि खरी गोष्ट अशी, की मोरीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नये. तिथे पट्ट्याचा वाद घालण्यात काय अर्थ?

कायदा कुठे संपतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डांबरी रस्ता सोडला की कायदा सुटतो का?

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये 'सार्वजनिक जागा' या शब्दाची व्याख्या दिली आहे. रस्ता, गल्ली, वाट किंवा जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा, मग ती रहदारीची असो वा नसो. त्यात डांबर असले पाहिजे, असे कुठेही म्हटलेले नाही. त्यामुळे केळव्याची पुळण, चिंचणीचा किनारा, यात्रेचे मैदान, एसटीचा थांबा, पाड्याकडे जाणारी मातीची गाडीवाट या सर्व ठिकाणी लोकांना मोकळेपणी जाता येते. लायसन, विमा आणि वयाची अट तिथेही लागू होते. तुमच्या स्वतःच्या कुंपणातल्या चिकूवाडीची गोष्ट निराळी. पण गाडीची नोंदणी मात्र सार्वजनिक जागेत 'किंवा अन्य कोणत्याही जागेत' हवीच, असे त्याच कायद्याचे ३९ वे कलम सांगते.

तारापूर औद्योगिक वसाहतीचेही तसेच. कारखान्याच्या आवारातच चालण्यासाठी बनवलेली खास वाहने कायद्याच्या व्याख्येतून वगळली आहेत. पण वसाहतीचे रस्ते सर्वांना खुले आहेत. तिथून धावणारा टँकर, कामगारांची बस, साहेबांची मोटार यांना कसलीही सूट नाही. 'कंपनीच्या एरियात आहे' ही सबब कायद्यात बसत नाही.

दंडाचे कलम १९४-ब हे २०१९ च्या दुरुस्तीने आले. पट्टा न लावता गाडी चालवणे किंवा पट्टा न लावलेले प्रवासी नेणे, दोन्हीला १ हजार रुपये दंड त्यात सांगितला आहे. शब्द नीट वाचा: 'प्रवासी नेणे'. म्हणजे मागे बसलेल्या मेहुण्याने पट्टा लावला नाही, तरी जबाबदार धरला जातो तो ड्रायव्हर.

आणि माणूस दगावला तर? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्याचे २८१ वे कलम सार्वजनिक रस्त्यापुरते आहे. पण हयगयीने मृत्यूला कारण होण्याचे १०६ वे कलम जागा विचारत नाही. रस्ता असो, शेत असो की कारखान्याचे आवार, पाच वर्षांपर्यंतची कैद त्यात आहे. जुन्या दंड संहितेत हीच शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. तेव्हा कायदा डांबराच्या कडेला थांबत नाही. थांबतो तो कायद्याचा माणूस!

पुळणीवरची हौस

शनिवार-रविवारी केळवे, शिरगाव, चिंचणी, डहाणू, बोर्डीच्या किनाऱ्यांवर मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रीघ लागते. सुरूच्या बागेपर्यंत गाडी आणावी, तिथे लावावी, पायी पाण्याकडे जावे, इथपर्यंत कोणाचे काही म्हणणे नाही. पण काहींना गाडी थेट ओल्या वाळूत घालून गोल गोल फिरवायची असते. जवळच लहान मुले खेळत असतात, मासळी वाळत असते, होड्या ओढलेल्या असतात. मग भरती येते, चाक रुतते आणि शेवटी गावातल्याच ट्रॅक्टरला हाक जाते.

या हौशी मंडळींना दोन गोष्टी सांगायला हव्यात. खारे पाणी इंजिनात शिरून झालेले नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा बसत नाही. आणि 'इथं कोण बघतंय' म्हणून ज्या पोराच्या हाती स्टिअरिंग दिले जाते, त्याचे वय अठरापेक्षा कमी असेल तर १९९-अ हे कलम थेट पालकावर आणि गाडीमालकावर येते. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. पुळण हे गाडी शिकवण्याचे मैदान आहे, असे मानणाऱ्या आपल्या गावच्या काकामामांनाही हे लागू आहे बरं का!

ज्यांना पट्टाच नाही, त्यांचे काय?

इथवर बोललो ते मोटारवाल्यांबद्दल. पण पालघर जिल्ह्यातला मोठा वर्ग मोटारीतून जातच नाही. तो पिकअपच्या हौद्यात उभा राहून जातो.

सकाळी बोईसरच्या नाक्यावर उभे राहा. ठेकेदाराचा टेम्पो येतो आणि माणसे गोणीसारखी भरली जातात. पावसाळा सरला की जव्हार-मोखाड्याची कुटुंबे वीटभट्टीवर निघतात. भांडीकुंडी, कोंबड्या, पोरेबाळे, सगळे एकाच हौद्यात. लग्नसराईत वऱ्हाडही तसेच. जीपमध्ये आडव्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून माणसे बसतात. नियमात सक्ती आहे ती पुढे तोंड करून बसणाऱ्यांना. आडव्या बाकावरचा प्रवासी त्या ओळीत येतच नाही आणि हौद्यात उभा असलेला तर कायद्याच्या दृष्टीने तिथे असायलाच नको. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त धोका, त्याच्यासाठी पट्ट्याचा कायदाच नाही.

याहून कडू गोष्ट विम्याची. मालवाहू गाडीत माणूस बसला आणि मेला, तर भरपाई कोण देणार? १९९४ च्या दुरुस्तीने मालाबरोबर जाणाऱ्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला संरक्षण मिळाले. पण नुसताच प्रवास करणाऱ्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी प्रकरणात दिला. काही खटल्यांत न्यायालयांनी कंपनीला 'आधी द्या, मग मालकाकडून वसूल करा' असे सांगितले आहे. पण त्याचा भरवसा धरता येत नाही. भरपाई पिकअपच्या मालकाकडून वसूल करायची झाली, तर त्याच्याकडे कर्जावरच्या गाडीखेरीज काय असते? मजूर कामावर असताना ठेकेदाराच्या गाडीतून जात असेल, तर कायद्याने ठेकेदाराकडे भरपाईची मागणी करता येते. मात्र तो मजूर त्याच्या हजेरीपटावर असला तर ते सोपे जाते. ते नाव तिथे किती वेळा असते, हे नाक्यावर उभ्या राहणाऱ्यांनाच विचारा.

तेव्हा पट्ट्याची मोहीम काढून महामार्गावर मोटारवाल्यांच्या पावत्या फाडल्या, की रस्ता सुरक्षा सप्ताह साजरा झाला असे समजू नये. हौद्यातली माणसे उतरवून 'चला, चालत जा' म्हणणे हाही उपाय नव्हे. एसटी वेळेवर नाही, म्हणून तर माणूस हौद्यात चढतो.

कॅमेरा कुठे, अपघात कुठे

यंत्रणेची अडचणही समजून घेतली पाहिजे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. आठ तालुके, किनाऱ्यापासून मोखाड्याच्या डोंगरापर्यंतचा पसारा. २०२० मध्ये वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे गेले, तरी उरलेला ग्रामीण भाग मोठाच आहे. प्रत्येक फाट्यावर वाहतूक पोलीस उभा करणे शक्य नाही.

कॅमेऱ्याने ही उणीव भरून निघेल, असे म्हणतात. पण २०२१ साली कॅमेऱ्यांचे जे केंद्रीय नियम झाले, त्यांचा भर राष्ट्रीय व राज्य महामार्गांवरच्या धोक्याच्या पट्ट्यांवर आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहरांतील चौकांवर आहे. म्हणजे खेड्यातला रस्ता तिथेही शेवटच्या रांगेत! आणि यंत्राला चकवण्यात आपण हुशार. पट्टा न लावता गाडीची शिट्टी बंद पाडणाऱ्या खोट्या कड्या बाजारात इतक्या विकल्या जाऊ लागल्या, की मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन विक्री करणाऱ्या पाच कंपन्यांविरुद्ध आदेश काढावा लागला. शिट्टी बंद करण्यासाठी पैसे मोजणाऱ्या माणसाला काय म्हणावे?

इकडे आतल्या रस्त्यांवरचा भार तर वाढतोच आहे. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेन या कामांनी मुरूम-खडीचे डंपर गावरस्त्यांवर आणले. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला झाली. बंदराला तुमचा-आमचा पाठिंबा असो की विरोध, अवजड वाहतूक जिथे वाढते तिथे अरुंद रस्त्यावर समोरून काय येईल याचा नेम राहत नाही. आणि जबर जखमी माणसाला चांगल्या उपचारांसाठी वापी, सिल्वासा किंवा मुंबई गाठावी लागते, ही आपली जुनी रड. दवाखाना दूर, तर पट्टा जवळ हवा. एवढे तरी गणित जुळायला नको का?

मग करायचे काय?

पहिली गोष्ट जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने करावी. महामार्गाइतकेच लक्ष बोईसर-चिल्हार, वाघोबा खिंडीतून जाणारा पालघर-मनोर आणि पालघर-बोईसर या रस्त्यांवर द्यावे. अपघातात कोणी पट्टा लावला होता, कोण मागे बसले होते, कोण हौद्यात होते, याची ठाणेवार नोंद दर महिन्याला लोकांपुढे यावी. आपल्याच गावाचा आकडा वाचला की माणूस जागा होतो.

दुसरी गोष्ट तारापूरच्या कारखानदारांची. कामगार आणणारे वाहन आसनांचे आहे की मालाचे, हे पाहणे फाटकावरच्या वॉचमनला अवघड नाही. आत येताना हेल्मेट आणि बूट तपासणारी कंपनी बाहेरच्या टेम्पोकडे डोळेझाक करते, ती का? ठेक्याच्या करारात एक ओळ घाला: माणसे मालाच्या गाडीतून आणली तर बिल अडेल. वर्षभर पावत्या फाडून जे होणार नाही, ते एका बिलाने होईल.

तिसरी किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींची. पार्किंगची पावती जिथे फाडली जाते, तिथूनच गाडी पुढे जाणार नाही अशी व्यवस्था करता येते. दोन नारळाची खोडे आडवी टाकली तरी पुरे! ग्रामसभेने ठराव करावा आणि पोलिसांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे. पावसाळ्यात धबधब्यांवर जाण्यास बंदीचे आदेश निघू शकतात, तर गर्दीच्या दिवसांत पुळणीवर गाडी घालण्यावर का निघू नयेत?

चौथी एसटीची. वीटभट्टीच्या हंगामात आणि लग्नसराईत जव्हार-मोखाड्याकडच्या फेऱ्या वाढवल्या, तर हौद्यातली निम्मी गर्दी कमी होईल. हे खाते तोट्याचे म्हणून टाळता येईल, पण मेलेल्या माणसाचा तोटा कोणत्या खात्यावर मांडणार?

आणि शेवटची गोष्ट आपली स्वतःची. गाडी मालकीची असो वा भाड्याची, ड्रायव्हरला 'पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवू नकोस' असे सांगायला पोलीस लागत नाही. मागे बसलेल्या पाहुण्याला 'दाजी, पट्टा लावा' म्हटल्याने त्याचा अपमान होत नाही. जुन्या गाड्यांत मागचे पट्टे गादीखाली दडपलेले असतात. येत्या रविवारी ते ओढून बाहेर काढा, कडी धरते का बघा. गाडी धुण्यात तासभर घालवतो, त्यात पाच मिनिटे जास्त.

चिल्हार फाट्यापाशी पोलिसाला पाहून पट्टा लावणारा माणूस वाईट नसतो. त्याला दंडाची भीती वाटते आणि मरणाची वाटत नाही, एवढेच. दंड हजार रुपयांचा आहे आणि तो एकदाच भरावा लागतो. दुसरा हिशेब मात्र मागे राहिलेल्यांना जन्मभर फेडावा लागतो.

तेव्हा उद्या सकाळी गाडी अंगणातून निघेल, तेव्हा महामार्गाची वाट पाहू नका. पट्टा अंगणातच लावा.